वाघ जिंकेल की गवा?

मे महिन्यात ग्वाल्हेरला जाणं हे काही शहाण्या माणसाचं काम नव्हे. पण शाळा-कॉलेजांना सुट्टी त्याच महिन्यात, आणि सासूबाईंना तर लेकीकडे जायचंच होतं. बेळगावला गोवा एक्स्प्रेसमध्ये बसलं की गाडी न बदलता ग्वाल्हेर येतं, एवढी एक सोय. आमच्या वन्सं तिथे ठाटीपूर भागातल्या दर्पण कॉलनीत राहतात. शिंद्यांच्या काळापासून ग्वाल्हेरात मराठी घरं आहेत, वन्संचं सासर त्यांतलंच. त्यांचं मराठी ऐकायला गोड, फक्त मध्येच एखादं हिंदी क्रियापद डोकावतं. आमच्या घरी कानडी डोकावते तसंच.

दिवसभर कूलरसमोर पडून राहायचं आणि ऊन उतरलं की गच्चीवर पाणी शिंपडून बसायचं, असा तिथला उन्हाळ्याचा शिरस्ता. त्या गच्चीवर दुसऱ्याच संध्याकाळी युद्ध पेटलं. आमचा धाकटा अकरा वर्षांचा, भाचा बारा वर्षांचा. विषय असा की वाघ आणि गवा समोरासमोर आले तर कोण जिंकेल.

"मामी, शेरच जिंकणार. शेरला कोण हरवू सकतो?" भाच्यानं निकाल देऊन टाकला.

आमच्या चिरंजिवांचं आजोळ खानापूर तालुक्यात, जंगलाच्या कडेला. त्यानं गवा डोळ्यांनी पाहिलेला. त्याला हा अपमान सहन होईना. "तू बघितलायस काय गवा कधी? जीपएवढा असतोय! एक शिंग मारलं की तुझा शेर झाडावर."

अर्ध्या तासात शंभर पानी वही आली. तक्ता आखला गेला. जनावर, वजन, शस्त्र, वेग आणि शेवटी गुण. दहापैकी. वाघाच्या पंजाला नऊ, गव्याच्या शिंगाला आठ की नऊ यावरून पुन्हा भांडण. मग अस्वल आलं, चित्ता आला, साळिंदर आलं, मुंगूस आणि नागही आले. रात्री जेवायला हाका मारूनही दोघे खाली येईनात.

या भांडणातला निम्मा गोंधळ शब्दांचा होता हे माझ्या उशिरा ध्यानात आलं. भाच्याच्या तोंडी 'शेर' म्हणजे कधी वाघ, कधी सिंह. हिंदीत दोघांनाही हा शब्द सर्रास चालतो. आपल्याकडे दुसरीच तऱ्हा. खेड्यात 'वाघ आला' म्हणतात तेव्हा दहांतल्या नऊ वेळा तो बिबट्या असतो. त्या मानाने कानडी नीटनेटकी. हुली म्हणजे पट्टेरी वाघ, चिरते म्हणजे बिबट्या, सिंह तो सिंह. आमच्या सासूबाई मूळच्या धारवाडकडच्या. त्यांनी जपमाळ न थांबवता मुलांना विचारलं, "यार हुली? याव हुली?" कुणाचा वाघ, कोणता वाघ? प्रश्न बिनतोड होता, पण त्या वेळी कोणी मनावर घेतला नाही.

दोन दिवसांनी मुलांना फुलबागेतल्या प्राणिसंग्रहालयात नेलं. हे संग्रहालय माधवराव शिंद्यांच्या काळातलं, १९२२ सालचं. पांढरा वाघ हे तिथलं मुख्य आकर्षण. त्या उकाड्यात तो बिचारा सावलीला आडवा पडून होता, कान तेवढे हलत होते. आमच्या मुलांना त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. दोन पिंजऱ्यांच्या मधली भिंत काढली तर काय होईल, ही चर्चा चालू. शेजारी उभा असलेला एक चांगला पन्नाशीचा गृहस्थही त्यात सामील झाला आणि त्यानं वाघाच्या बाजूनं मत दिलं. म्हणजे हा केवळ पोरखेळ नव्हे. माझ्या इतिहासाच्या वर्गात अफझलखान आणि वाघनखं आली की मागच्या बाकावरची पोरंही सरळ बसतात. कोण जिंकणार या प्रश्नात काहीतरी आहे खरं.

म्हटलं, चला, आपणही या वादात नीट उतरू. मी प्राणिशास्त्राची नव्हे, पण वाचन आहे, आणि आपल्या भागात या बाबतीत सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

आधी मूळ खटला. गव्याचा पूर्ण वाढलेला नर आठशे ते हजार किलोंपर्यंत भरतो. पट्टेरी वाघाचा नर साधारण दोनशे किलोंच्या आसपास, मोठा असला तर थोडा अधिक. म्हणजे वजनात चार-पाच पट फरक. वाघाकडे सुळे, आत ओढून घेता येणारी नखं आणि दबा धरण्याची कला. गव्याकडे शिंगं, खूर आणि नुसतं धूड. कागदावर गवा जिंकायला हवा. पण नागरहोळेच्या जंगलात उल्हास कारंत आणि मेल सनक्विस्ट यांनी वाघ, बिबट्या आणि कोळसुंदा हे तिघे काय खातात याचा अभ्यास केला, तो १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की वाघाच्या आहारात गवा चांगलाच महत्त्वाचा आहे, आणि वाघ पूर्ण वाढलेले गवेही मारतो. (हे उल्हास कारंत म्हणजे शिवराम कारंतांचे चिरंजीव, हे आपल्या वाचकांना सांगायला नकोच.) मात्र तो समोरून शिंगाला भिडत नाही. गवताआडून, मागून किंवा बाजूनं येतो, मानेशी किंवा गळ्याशी पकड घेतो. अंदाज चुकला, गव्यानं आधी पाहिलं, की बहुतेक वेळा तो सरळ निघून जातो. क्वचित तेवढंही जमत नाही, आणि गव्याच्या शिंगांनी वाघ मेल्याचीही उदाहरणं आहेत.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक आवडली. वाघ मोठी जनावरं धरतो, बिबट्या आणि कोळसुंदे मध्यम आणि लहान. ज्याला कानडीत सीळुनायी म्हणतात तो कोळसुंदा कळपानं हिंडतो आणि पळवून पळवून शिकार दमवतो. एकाच रानात तीन शिकारी, तिघांची हत्यारं वेगळी, आणि म्हणूनच तिघांची चूल एकमेकांवर फारशी पेटत नाही.

गव्यांचं आपसांतलं वागणंही पाहण्यासारखं असतं. दोन नर एकमेकांसमोर आले की लगेच डोकी आपटत नाहीत. दोघे आडवे उभे राहतात, पाठीची कमान उंचावतात, आपला पूर्ण देह बाजूनं दाखवतात. हळूहळू पावलं टाकत फिरतात. ज्याला वाटतं आपण कमी पडतोय, तो निघून जातो. बस्स. रक्त नाही, काही नाही. आमच्या गावच्या दोन भाऊबंदांना बांधावरून भांडताना पाहिलं तेव्हा मला वाटलं होतं, हे गव्यासारखे आडवे उभे राहिले असते तर वकिलाची फी वाचली असती.

मग मुलांनी साळिंदर काढलं. भाच्यानं त्याला दहापैकी दोन गुण दिले होते. साळिंदर, कानडीत मुळ्ळुहंदी, म्हणजे काट्यांचं डुक्कर. ते काटे फेकून मारतं अशी समजूत आहे, ती खोटी. ते पाठ फिरवतं, काटे फुलवतं, खुळखुळवून इशारा देतं, आणि तरीही शत्रू जवळ आला तर उलटं धावत जाऊन काटे त्याच्या अंगात रुतवतं. काटे सैल असतात, ते तिथेच राहतात.

जिम कॉर्बेटनं मुक्तेसरच्या नरभक्षक वाघिणीची हकीकत लिहून ठेवली आहे. तरुण वाघीण. साळिंदराशी झालेल्या गाठीत तिचा एक डोळा गेला आणि पुढच्या पायात, पंजाखाली पन्नासेक काटे घुसले. काही काटे हाडाला अडून वाकडे होऊन मांसात परत शिरले होते. जखमा चिघळल्या. तिला नेहमीची शिकार जमेना. उपाशी, गवतात पडून जखमा चाटत असताना एक बाई नेमक्या त्याच जागी गवत कापायला आली. तिथून पुढे माणसं मरत गेली.

हे सांगितल्यावर दोघे थोडा वेळ गप्प होते. मग आमच्या धाकट्यानं विचारलं, "मग त्या साळिंदराचं काय झालं?" मला सांगता आलं नाही. भाच्यानं साळिंदराचे गुण दोनाचे सात केले.

ग्वाल्हेरात बसून चित्त्याचा विषय निघणारच होता. कुनोचं जंगल तिथून काही तासांवर, जुन्या ग्वाल्हेर संस्थानातलं. माधवराव शिंद्यांनी गेल्या शतकाच्या पहिल्या दशकांत आफ्रिकेतून सिंह आणवून आपल्या रानांत सोडले होते. ते गुरांवर आणि माणसांवर जायला लागले आणि प्रयोग फसला. पुढे गीरच्या सिंहांना दुसरं घर म्हणून कुनोतली चोवीस गावं उठवण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाचा आदेशही २०१३ मध्ये झाला, पण सिंह आले नाहीत. आले ते चित्ते. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाहून आठ, आणि पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेहून बारा. गावं उठली ती एकासाठी आणि राहायला आला दुसराच. त्या गावकऱ्यांना कोण जिंकलं असं वाटत असेल?

आमच्या वहीत चित्त्याला वेगाचे दहा गुण होते, म्हणून एकूण बेरजेत तो बिबट्याच्या पुढे गेला होता. प्रत्यक्षात दोघांची हत्यारं बघा. चित्त्याची नखं बिबट्यासारखी पुरती आत जात नाहीत. धावपटूच्या बुटाच्या खिळ्यांसारखी ती जमीन धरण्यासाठी असतात. धावताना भरपूर हवा लागते म्हणून नाकाची पोकळी मोठी, आणि त्यामुळे सुळ्यांच्या मुळांना जागा कमी. म्हणजे दात लहान. एका धावेनंतर तो इतका दमतो की मारलेली शिकार खायलाही थोडा वेळ थांबावं लागतं. तेवढ्यात तरस किंवा बिबट्या आला तर चित्ता शिकार सोडून चालता होतो. भित्रा म्हणून नव्हे. पाय मुरगळला तरी उद्याचं जेवण गेलं, हा त्याचा हिशेब. बिबट्याचं तसं नाही. तो आखूड, दणकट, खांद्यात जोर, शिकार झाडावर ओढून नेणारा.

म्हणूनच चित्ते यायच्या आधी कुनोत मोठी धांदल उडाली होती. चित्त्यांसाठी कुंपण घातलेल्या जागेत काही बिबटे आतच राहून गेले. त्यांना बाहेर काढायला सापळे लावले, हत्ती आणले. मोकळ्या रानात दोघं एकमेकांना टाळतील, पण कुंपणात ठेवलं तर काय होईल याची सगळ्यांनाच धास्ती. आता चित्ते मोकळ्या रानातही फिरतात, आणि टाळणं दर वेळी जमतंच असं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये वीसेक महिन्यांची एक मादी मेलेली सापडली, तेव्हा बिबट्याशी झुंज झाली असावी असा प्राथमिक अंदाज देण्यात आला.

आणि गंमत अशी की कुनोत हत्तींवरून बिबटे शोधले जात होते, जवळपास त्याच सुमारास आपल्या बेळगावातही तेच चाललं होतं. ऑगस्ट २०२२ आठवतो ना? जाधव नगरात बिबट्या दिसला, मग गोल्फ मैदानाच्या झाडीत. आसपासच्या शाळा बंद. शिवमोग्ग्याच्या सक्रेबैल छावणीतून हत्ती आले. पिंजरे, कॅमेरे, ड्रोन, पोलीस, वनखातं. मराठी घरात 'वाघ', कानडी घरात 'चिरते', आणि दोन्ही घरांत दारं बंद. आमच्या धाकट्याला तेव्हा शाळा नाही म्हणून कोण आनंद! शेवटी काय झालं? बिबट्या कोणाच्याच हाती लागला नाही. सगळ्या शहराच्या नाकासमोरून तो कधी आणि कुठून गेला, ते त्यालाच ठाऊक. न दिसणं हे बिबट्याचं सर्वांत धारदार हत्यार, आणि आमच्या वहीत त्याला रकानाच नव्हता.

मग हे कळतं की कोण जिंकेल या प्रश्नासाठी आधी एक रिंगण लागतं. बाहेर जायची वाट बंद करावी लागते. ते काम माणसानं फार हौसेनं केलं आहे.

लखनौच्या नवाबांचं उदाहरण घ्या. नसीरुद्दीन हैदर याच्या दरबाराची हकीकत विल्यम नाइटन यानं १८५५ मध्ये पुस्तकरूपानं छापली. शहरात एक घोडा माणसांवर धावून जाऊन त्यांना चावून, तुडवून मारत असे. नवाबानं त्याला पकडवून वाघासमोर सोडलं. सगळ्यांना निकाल ठाऊक होता. वाघ घोड्याच्या पाठीवर झेपावला आणि घोड्यानं मागच्या दोन्ही लाथा अशा झाडल्या की वाघाचा जबडा मोडला. वाघ शेपूट घालून सुटकेची वाट शोधत फिरू लागला. दुसरा वाघ आणला, तो लढायलाच तयार होईना. मग रेडे सोडले, घोडा त्यांनाही पुरून उरला. आमच्या मुलांना ही गोष्ट तीनदा सांगावी लागली. वहीत 'खूर' हा शब्द लाल शाईनं लिहिला गेला. मला मात्र तो जबडा मोडलेला वाघ सोडवत नाही. रानात असता तर पहिल्याच लाथेनंतर तो झाडीत शिरला असता.

आपली मराठी संस्थानंही यात मागे नव्हती. बडोद्याला खंडेराव गायकवाडांच्या काळात हत्तींच्या, गेंड्यांच्या झुंजी होत. लुई रूसले या फ्रेंच प्रवाशानं त्या पाहून लिहून ठेवल्या आहेत. आपल्या शेजारी कोल्हापूरला साठमारी हे ठिकाण आजही त्याच नावानं ओळखलं जातं. शाहू महाराजांच्या काळात तिथे पिसाळलेल्या हत्तीला साठमार डिवचत, अंगावर घेत, आणि हत्ती धावून आला की अरुंद वाटेनं आडोशाला शिरत. त्या वाटेतून माणूस जाई, हत्ती जात नसे. म्हणजे बाहेर पडायची वाट होती, पण एकालाच. कोल्हापूरकरांनी रागावू नये. त्या खेळात साठमाराच्या जिवालाही धोका होता आणि लोकांना तो थरार मनापासून आवडे, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याच कोल्हापूर दरबारानं शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्तेही आणवले होते, हे कुनोचं कौतुक करताना कोणाच्या लक्षात राहत नाही.

या सगळ्यात शहाणा निघाला तो आपला आठवडी बाजारातला गारुडी. माझ्या लहानपणी तो एका खुंटीला मुंगूस बांधायचा, टोपलीत नाग ठेवायचा आणि "आता सुटंल, आता सुटंल, पोरानू मागं सरा" म्हणत तासभर गर्दी धरून ठेवायचा. मग ताईत विकायचा आणि टोपली उचलून जायचा. झुंज मी एकदाही पाहिली नाही. बिचाऱ्या नागाचे दात आधीच काढलेले असत, हे पुढे कळलं. खऱ्या रानात मुंगसाच्या अंगात नागाच्या विषाला काही प्रमाणात दाद न देण्याची सोय असते. त्याच्या स्नायूंवर विष नेहमीसारखं चिकटत नाही. पण भरपूर विष गेलं तर तोही मरतो. म्हणून तो उड्या मारून नागाला दमवतो, आणि पुष्कळदा दोघेही आपापल्या वाटेनं जातात.

वाट बंद झाली की बलदंड जनावराचं काय होतं, ते डिसेंबर २०२० मध्ये पुण्यानं पाहिलं. कोथरूडमध्ये पहाटे एक गवा वस्तीत शिरला. वाघाला न जुमानणारं जनावर. मागे माणसांचा लोंढा, हातात मोबाईल, पुढे भिंती आणि फाटकं. तो तासन् तास धावत राहिला, भिंतींना धडकून तोंड रक्तबंबाळ झालं, शेवटी गुंगीचं औषध देऊन पकडला आणि थोड्याच वेळात गेला. त्याच्याशी कोणी लढलं नव्हतं. हे मी मुलांना सांगितलं तेव्हा आमच्या धाकट्याचा चेहरा उतरला, कारण गवा हा त्याचा गडी. "त्याला कोणी गेट का उघडून दिलं नाही?" असं त्यानं विचारलं.

त्या रात्री वीज गेली. सगळे गच्चीवर आडवे झालो. सासूबाईंनी आपण होऊन पुण्यकोटीची गोष्ट काढली. आपल्या वाचकांपैकी निम्म्यांनी तरी 'गोविन हाडु' आजीच्या मांडीवर ऐकलं असेल. वाघाच्या तावडीत सापडलेली गाय, वासराला दूध पाजून परत येते म्हणून वचन देणारी, आणि खरोखरच परत येणारी. तिला शिंगं होती, त्याला नखं होती. तिनं शिंगं वापरली नाहीत आणि त्यानं नखं वापरली नाहीत. वाघ शरमेनं स्वतःच जीव देतो. सासूबाई कानडीत गुणगुणत होत्या, मी मराठीत सांगत होते, आणि वन्सं लेकाला हिंदीत. भाच्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण शेर मेला. म्हणजे गाय जिंकली ना?" सासूबाईंना हसू आवरेना.

त्यावरून मला बेलूरचं देऊळ आठवलं. होयसळांनी १११७ मध्ये चेन्नकेशवाची प्रतिष्ठा केली, त्या देवळात एका शिल्पात ही सगळी वही दगडात कोरली आहे म्हणा ना. हरणाला अजगर गिळतोय, अजगराला हत्तीनं धरलंय, हत्तीवर सिंह तुटून पडलाय, सिंहाला शरभ खातोय आणि शरभाला गंडभेरुंड. होयसळांचं राजचिन्हही वाघसिंहाशी झुंजणाऱ्या सळाचं. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवरही हत्तींना पंजात धरलेले शरभ आहेत. जंजिऱ्याच्या दारावरचा पशू तर पंजांत आणि शेपटीतही हत्ती अडकवून ऐटीत उभा आहे. जो राजा येई तो आधीच्यापेक्षा मोठं जनावर कोरून घेई. खरी जनावरं संपली तेव्हा शरभ आणि दोन डोक्यांचा पक्षी कल्पनेतून आणले. सीमाभागात राहून हे कोणाचं चिन्ह मोठं हा खेळ आपण काही कमी पाहिलेला नाही, पण तो विषय आज नको.

याच मातीत दुसरंही चित्र आहे. आपल्याकडच्या बस्त्यांमध्ये, जैन कुटुंबांच्या देवघरांत ते असतं. एकाच भांड्यातून पाणी पिणारे गाय आणि सिंह, तिचं वासरू सिंहिणीला लुचतंय आणि सिंहाचा छावा गाईला. ते तीर्थंकरांच्या सान्निध्यातलं चित्र, रानातलं नव्हे. रान या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असतं.

परत आल्यावर आठ दिवसांनी मुलाला घेऊन माहेरी गेले. माझं माहेर भीमगड अभयारण्यापासून फार लांब नाही. आमच्या शेतावर एक वयस्क गडी आहेत. त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू ओढलेली आहे, त्या बाजूचा डोळा नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी सरपणाला गेलेले असताना अस्वलानं हल्ला केला होता. मुलं लहानपणी त्यांना घाबरायची. या खेपेला आमचा धाकटा वही घेऊन त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि थेट विचारलं, "मामा, अस्वल आणि माणूस यांच्यात कोण जिंकतंय?"

मी त्याला ओरडणार होते. पण ते हसले. म्हणाले, "आरं, ते कुठं लढाय आलतं? ते वारुळात तोंड घालून बसलं हुतं. मी शीळ न घालता गेलो. माझं चुकलं. ते भ्यालं, मी भ्यालो. त्याला पळाय मागं कातळ हुता, मला पुढं तेच हुतं."

नंतर मी वाचून पाहिलं तर त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं. कानडीत करडी म्हणतात ते आपलं अस्वल वाळवी आणि मुंग्या खाणारं. नखं लांब, ती वारूळ फोडायला. वाळवी ओढून घेता यावी म्हणून वरचे पुढचे दोन दात नसतातच. डोकं वारुळात असताना त्याला माणसाची चाहूल लागत नाही, आणि अगदी जवळ आल्यावर लागली तर ते पळत नाही, उभं राहून अंगावर येतं. वाघाच्या रानात वाढलेलं जनावर. वाघापुढे पळून निभत नाही, आणि झाडावर चढलं तर बिबट्या तिथेही येतो. म्हणून त्यानं अंगावर जाण्याची सवय लावून घेतली, असं जाणकार मानतात. खोदायचं हत्यार मग चेहऱ्यावर चालतं. आमच्याकडची जुनी माणसं रानात जाताना मोठ्यानं बोलत, खाकरत, काठी आपटत जातात, त्याचं कारण हेच. आता पोरं कानांत इअरफोन घालून जातात. भीमगडच्या कडेच्या गावांत अस्वलाच्या हल्ल्यांच्या बातम्या अजून येतात.

त्या संध्याकाळी धाकट्यानं तक्त्यात पट्टीनं एक नवीन रेघ मारली. रकान्याचं नाव लिहिलं, 'मागं वाट आहे का?' मग त्यानं दर्पण कॉलनीत फोन लावला आणि भाच्याला हा नवा नियम समजावून सांगितला. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही.

मग भाचा म्हणाला, "ठीक आहे. पण दोघंही निघून गेले तर पॉइंट कोणाला द्यायचे?"

वही अजून उघडीच आहे.